चेनची खांदमळणी

बोरीच्या बाजारपेठेत वीरुपाक्षअप्पांचं तेलाचं दुकान आहे, आणि दुकानाला लागूनच घर. त्यांच्या राजशेखरचं लग्न झालं आणि ताडकळसहून नव्या सुनेच्या सामानाचा टेंपो दारात लागला, तेव्हा भांडी, गाद्या, कपाट असं सगळं रीतीप्रमाणे उतरलं. सगळ्यात शेवटी फळी लावून उतरवली ती एक मोटारसायकल. तिच्या टायरांना बोटबोटभर दाते होते, पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर उचललेला होता आणि बसायची जागा इतकी उंच, की दुकानातल्या गड्याचे पायसुद्धा जमिनीला टेकेनात.

"अगं माय! ही गाडी हाय का सांडणी?" शेजारच्या चतुराबाईनं तोंडाला पदर लावून विचारलं.

चन्नबसम्मा तेव्हा नवी नवी सासू होती. गाडी तिलाही धड कळली नव्हती. पण ती म्हणाली, "सांडणी तर सांडणी. आमच्या सुनेची हाय."

सून महेश्वरी मातीचे नमुने गोळा करायचं काम करी. कुणाच्या शेताच्या मधोमध जा, कुणाच्या माळावर चढ, पिशव्यांत माती भर आणि परभणीच्या प्रयोगशाळेत नेऊन दे. पावसाळ्यात आपली काळी माती कशी असते ते ज्याला माहीत आहे, त्याला साध्या गाडीचं तिथं काय होतं ते सांगायला नको. म्हणून तिनं स्वतःच्या कमाईतून ही डोंगरदऱ्यांत चालणारी गाडी घेतली होती. राजशेखरला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो मुळात शांत माणूस. बायको गाडीवर पुढं आणि आपण मागं, यातही त्याला मौजच वाटायची. वाकडं तोंड होतं ते एकट्या वीरुपाक्षअप्पांचं.

"आठ दिवस चालवायची आन् नववा दिवस तिच्या सेवेत घालवायचा," ते म्हणत. "ही गाडी न्हाई, म्हैस हाय. दूध तेवढं देत न्हाई."

सेवा चालायची हे खरं. दर रविवारी सकाळी महेश्वरी गाडी अंगणात घेई, खाली लाकडी ठोकळा लावून मागचं चाक अधांतरी करी आणि बाही वर सारून बसे. चन्नबसम्मा आधी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडता निवडता बघायची. मग पाट थोडा पुढं सरकला. मग ताट बाजूला राहिलं आणि तिच्या हातात ब्रश आला. कसा आला ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

"आत्या, पाणी जोरात मारू नका," महेश्वरी सांगायची. "चाकाच्या बेरिंगात शिरतं. आधी चिखल लाकडानं खरवडायचा, ओला हाय तवरच. वाळला की दगड होतोय."

"मला सांगायलीस का काळ्या मातीचं? उभा जल्म त्या मातीत गेला."

फोमचा फिल्टर बाहेर निघाला की तो साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवायचा. पिळायचा नाही, नाहीतर फाटतो.

"लोकरीची घोंगडी धुतात तसंच की गं," चन्नबसम्मा म्हणाली, आणि तेव्हापासून ते काम तिचंच झालं.

चाकाच्या तारा तपासण्यात तर तिनं सुनेलाही मागं टाकलं. महेश्वरी पान्याच्या टोकानं एकेका तारेवर टिचकी मारायची. घट्ट तार खणखणीत वाजते, ढिली असली तर तिचा आवाज बसलेला येतो. चन्नबसम्मानं चमचा घेतला. साठ वर्षं मडकी वाजवून घेतलेला कान तो. पाठ फिरवून उभी राहिली तरी म्हणायची, "ती बघ, आत्ताची. ती बोंबलायली." आणि ती तार हमखास ढिली निघायची.

चेन मात्र महेश्वरी स्वतः बघे. आधी डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, फवाऱ्याच्या डब्यातलं चेनचं तेल मारायची, मग मधोमध बोट लावून वरखाली हलवून बघायची. "सगळा ओढा हिच्यावर असतो, आत्या. इंजिन कितीबी ताकदीचं असू द्या, चाकाला ओढते ती हीच."

हे वाक्य चन्नबसम्माच्या मनात पक्कं बसलं.

आता एवढी वयस्क बाई त्या गाडीच्या मागं का लागली, हेही सांगायला हवं. चन्नबसम्माचं माहेर चारठाण्याचं. ती आणि तिची थोरली बहीण नीलाक्का लहानपणी तिथल्या जुन्या देवळांच्या खांबांमागं लपाछपी खेळायच्या. दगडी कोरीव खांबाला गाल लावला की भर उन्हाळ्यातसुद्धा गार लागायचा, आणि नीलाक्का तिथंच डोळे मिटून उभी राहायची. तिला शोधायलाच नको असायचं. वडिलांचा तेलाचा घाणा होता. डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल दिवसभर गोल फिरे आणि दोघी आळीपाळीनं घाण्याच्या दांडीवर बसत. पुढं चन्नबसम्मा बोरीच्या तेल्याच्या घरात पडली आणि नीलाक्का डोंगरातल्या बेलवाडीत. बेलवाडीला एसटी नाही. चारठाण्याच्या पुढं डांबरी रस्ता संपतो, मग एक ओढा, दगडगोट्यांची चढण, पुन्हा ओढा, पुन्हा चढण. पूर्वी बैलगाडी जायची. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, आणि दोघी बहिणींचे गुडघेही राहिले नाहीत. वर्षांमागून वर्षं नुसती फोनवर गाठ. तीही नीलाक्काला कुणीतरी टेकडीवर रेंजमध्ये नेलं तर.

महेश्वरीनं हे ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग चला की. तिथं आपली गाडी जातीय."

चन्नबसम्मा मागं बसली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. कासोट्याचं लुगडं, दोन्हीकडं पाय टाकून बसायला काही अडचण नाही. त्या दिवशी नीलाक्कानं दारात बहिणीला पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही, कारण बहिणीच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्यानंतर सणावाराला, कधी उगाच, दोघी सासू-सुना बेलवाडीला जाऊ लागल्या. चन्नबसम्माला या वयात माहेर परत मिळालं होतं.

आणि नेमकं तेव्हाच टेंपोचं प्रकरण झालं. श्रावणात महेश्वरी एका शेतातून येत होती. चेन आणि मागच्या चाकाच्या दातेरी चक्रीच्या मधे चिखलाचा गोळा बसून गाडी अडली, आणि शेतकऱ्यानं भलेपणानं ती आपल्या टेंपोत घालून बोरीला आणली. टेंपो आला तो बरोबर बाजाराच्या दिवशी, दुकानासमोरून. "अप्पा, म्हैस आजारी पडली का हो?" कुणीतरी गर्दीतून ओरडलं. सगळा बाजार हसला.

त्या संध्याकाळी वीरुपाक्षअप्पांनी जेवायच्या ताटावर शर्त घातली. "राजू, तू बी ऐक. ही गाडी पुन्हा एकदा दुसऱ्या गाडीवर बसून आली, की इकायची. मग स्कुटी घ्या, काय घ्यायचं ते घ्या. माझी काही इज्जत हाय का न्हाई?"

"कबूल, मामा," महेश्वरी लगेच म्हणाली. तिला स्वतःच्या हातावर भरवसा होता. चन्नबसम्माचा घास मात्र हातातच राहिला. स्कुटी चारठाण्यापर्यंत जाईल. पुढच्या चढणीला स्कुटी काय करणार?

पोळ्याच्या आधी महेश्वरीला कामाच्या प्रशिक्षणासाठी परभणीला राहावं लागलं. निघताना ती म्हणाली, "आत्या, गाडी तुमच्यावर सोपवलीय. धूळ पुसत जावा. आन् चेनला तेल लावून ठिवा, न्हाईतर गंजंल."

"तू बिनघोर जा."

दुसऱ्या दिवशी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. वर्षभर जू ओढून ते सुजलेले, सोललेले असतात. मळून झालं की बैलाच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. चन्नबसम्माच्या वडिलांच्या दारात हे व्हायचं, सासरी घाण्याचा बैल होता तोवर व्हायचं. घाण्याला मोटार लागली, बैल गेला, आणि मग पोळ्याला मातीचे बैल पुजून ती गप्प बसे. दिवेलागणीला गल्लीतून कुणाच्या तरी बैलाच्या घुंगरांचा आवाज आला की तिला कसंतरी होई.

त्या संध्याकाळी तिनं तुळशीपाशी दिवा लावला आणि तिचं लक्ष गाडीकडं गेलं. कोपऱ्यात बिचारी एकटी उभी. बहिणीच्या दारापर्यंत आपल्याला कोण नेतं? आणि ओढा कुणावर असतो? सुनेनंच सांगितलं होतं.

घरात तेलाला काय तोटा? दुकानातल्या लाकडी घाण्यावर परवाच काढलेलं करडईचं तेल होतं. वीरुपाक्षअप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, "करडई म्हंजे करडई! खायला चालते, डोक्याला चालते, गुडघ्याला चालते, दाराच्या बिजागरीला चालते." चन्नबसम्मानं ते वाटीभर तेल मंद आचेवर चांगलं कोमट केलं, चिमूटभर हळद टाकली, आणि चाक हातानं फिरवत फिरवत चेनच्या कडीकडीला बोटांनी मळलं. मग इकडंतिकडं पाहून हँडलाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी गाडीला पुरणाचा नैवेद्यही दाखवला. आणि एक हात तेलानं भागेल कसं? सून येईपर्यंत रोज संध्याकाळी ती एक हात देत राहिली. भादव्याचं ऊन कडक पडलं होतं. चेन दिवसेंदिवस सोन्यासारखी चमकू लागली.

इकडं बेलवाडीहून निरोप आला. नीलाक्काच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या आणि तिनं जाहीर केलं होतं, की यंदा जेवायला सवाष्ण म्हणून माझी बहीणच पाहिजे; ती आल्याशिवाय पंगत बसायची नाही. "आन् दाजींना बी आणा. लग्नात बघितले व्हते, त्यानंतर डोंगर चढले न्हाईत ते."

दाजींना, म्हणजे वीरुपाक्षअप्पांना, हे लागलं. "मी राजूच्या गाडीवर येतो डोंगराच्या पायथ्यापस्तोर," ते म्हणाले. "पुढं बघू. आन् शर्त ध्यानात हाय ना?"

महेश्वरी आदल्या दिवशी संध्याकाळी परभणीहून परतली. दमलेलीच होती, तरी टायरची हवा बघितली, ब्रेक बघितले, नट आवळले. चेनकडं बघून ती थक्क झाली. बोट लावलं तर बोटाला काळं लागेना. "काय चमकवलीत आत्या! शोरूममधी असती अशी." चाक फिरवताना जरा जड वाटलं तिला, पण ब्रेक नुकतेच बदलले होते, त्याचंच असेल म्हणून तिनं सोडून दिलं. चन्नबसम्मा सुखावून आत गेली आणि सुनेच्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढं महेश्वरी आणि चन्नबसम्मा, मागं राजशेखर आणि कपाळाला इभूत, खांद्यावर नवी दस्ती टाकलेले वीरुपाक्षअप्पा. जिंतूर गेलं, चारठाणा गेलं. देवळं दिसली तेव्हा चन्नबसम्मानं नेहमीसारखे मागूनच हात जोडले. पण गाडी नेहमीसारखी चालत नव्हती. मधूनच आचका देई, खालून कट्, कट् असा आवाज येई.

"काय वाजायलंय गं?"

"तेच ऐकायलेय मी." महेश्वरीचा आवाज बदलला होता.

डांबरी संपली. पहिला ओढा पार झाला. राजशेखरची गाडी ओढ्याच्या अलीकडंच थांबली आणि बाप-लेक पायी मागं येऊ लागले. चढणीच्या मध्यावर महेश्वरीनं गिअर टाकून जोर दिला, आणि खाडकन आवाज होऊन चेन चक्रीवरून उतरली. इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना.

दोघी उतरल्या. महेश्वरीनं वाकून चेन हातात घेतली तर ती लोंबेचना. कडी कडीला चिकटून, वाकडीतिकडी, वाळलेल्या वेलासारखी ताठ. "अशी कशी झाली?" ती पुटपुटली. "मीच कडी कडी वाकवून बघायला पायजे व्हती."

चन्नबसम्मानं चेनकडं पाहिलं. तेलाच्या जुन्या डब्याच्या काठाला धरते तशी पिवळसर, चिवट साल तिच्यावर चढलेली. वडील मोटेच्या चामड्याला करडईचं तेल आटवून चोळायचे ते तिला आठवलं. आठ दिवसांत चामड्यावर असा थर धरायचा की पाण्याचा थेंब आत जायचा नाही. हे सगळं आपल्याला माहीत होतं की!

तेवढ्यात वरून ट्रॅक्टर आला. बेलवाडीचाच मुंजाजी होता, ट्रॉली रिकामी. "अहो, नीलाआजीच्या पाव्हण्या ना तुमी? तिथं सवाष्णीची वाट बघायलेत समदे. टाका गाडी ट्रॉलीत, खाली पोचवतो. मग तुमाला वर नेतो."

वीरुपाक्षअप्पा धापा टाकत पोचले होते. त्यांनी दस्तीनं घाम पुसला. चेहऱ्यावर दमणूक होती, पण तिच्याआड जिंकल्याचं समाधानही होतं. "टाका," ते म्हणाले. "शर्त ती शर्त."

"मामा, थोडा वेळ द्या," महेश्वरी म्हणाली.

"वेळ कशाला? दिसायलीय की काय झालं ते."

"ट्रॉलीत गाडी चढली," चन्नबसम्मा म्हणाली, "तर मी इथून पायी जाईन आक्काकडं. सांजपस्तोर पोचले तर पोचले." आणि ती खरोखरच रस्त्याकडेच्या दगडावर बसली, जणू पायीच निघायच्या आधी दम खायला.

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती अशी रस्त्यात कधी बसली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून ते गाडीपाशी गेले आणि चेनला हात लावला. मग अंगठ्याच्या नखानं ती साल खरवडली. बोटं चोळली. नाकाशी नेली.

वीरुपाक्षअप्पांचं नाक म्हणजे साऱ्या बोरीची तेलाची परीक्षा. शेंगदाण्यात सरकी मिसळली तर झाकण उघडायच्या आधी सांगत.

"ही करडई हाय," ते सावकाश म्हणाले. पुन्हा वास घेतला. "लाकडी घाण्याची. कोमट केलेली. हळद बी हाय." मग ते वळले. "ही तर आपल्या दुकानची!"

मुंजाजीनं ट्रॅक्टर बंद केला. त्याला हे ऐकायचं होतं.

"खांदमळणी केली मी तिची," चन्नबसम्मा दगडावरूनच म्हणाली. "रोज एक हात द्यायले व्हते."

महेश्वरीनं सासूकडं बघितलं. तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. "आत्या! खांदमळणी?"

"मंग? तूच म्हणालीस ओढा हिच्यावर असतो म्हणून. आन् हे म्हणतेत करडई कशालाबी चालते. खायला, डोक्याला, बिजागरीला..."

"बिजागरीला म्हणलो मी!" अप्पा ओरडले. "मोटरसायकलीला कधी म्हणलो?"

"बिजागरी बी अशीच झाली असंल मग," राजशेखर हळूच म्हणाला. "देवघराचं दार उघडायला जड जायलंय ते उगाच न्हाई."

मुंजाजी खो खो हसत सुटला. "अप्पा, काय सांगू मंग बोरीत? गाडी कामून बंद पडली? अप्पांच्या करडईनं पकडली म्हणून?"

वीरुपाक्षअप्पांनी नखातली साल झटकली. गाडी ट्रॉलीत घालून बाजारातून न्यायची म्हणजे चेनची ही चिवट पिवळी साल साऱ्या गावाला दाखवायची. आणि हा मुंजाजी दुकानात पेंड न्यायला दर महिन्याला येतो. तेही एक झालं. पण दुसरी गोष्ट त्यांच्या मनात जास्त खोल गेली असावी. दोष गाडीचा नव्हता. दोष आपल्या तेलाचाही नव्हता. तेलानं आपल्या गुणाप्रमाणं केलं. तेलाच्या माणसाला हे कळल्यावर तो खोटा निवाडा कसा देईल?

त्यांनी धोतर वर खोचलं. "ट्रॉलीत न्हाई टाकायची. चेन काढता येते का, सूनबाई?"

"येते की!" महेश्वरी पक्कड घेऊन बसलीच. एका कडीची चिमटी काढली की चेन उघडते. मुंजाजीनं डिझेल दिलं, पण ब्रशनं कितीही घासलं तरी साल हलेना.

"डिझेलला दाद न्हाई देणार ती," अप्पा म्हणाले. "वाळलेली करडई हाय. आमी तेलाचे डबे राखेच्या उकळत्या पाण्यानं काढायचो. राख पायजे."

खाली ओढ्याकाठी धनगरांचा वाडगा बसला होता. मेंढरं पांगलेली, आणि तीन दगडांच्या चुलीवर अंबाबाई धनगरीण भाकरी थापत होती. बोरीचे तेली हातात चेन लोंबकळवत, खरं तर काठीसारखी धरून, तिच्या चुलीशी येऊन उभे राहिले, तेव्हा ती म्हणाली, "साप मारला का काय दादा?"

"न्हाई बाई, आमच्या गाडीची आतडी हायत. जरा शिजवायचीत."

ट्रॅक्टरमधलं घमेलं आलं, ओढ्याचं पाणी आलं, अंबाबाईनं चुलीतली राख सढळ हातानं ओतली. पाण्याला उकळी फुटली तशी अप्पांनी लाकडाच्या काटकीनं चेन ढवळायला सुरुवात केली. हळूहळू पाणी गढूळ पिवळं झालं, वर फेस आला, आणि साल सोलून निघू लागली. अप्पा एकेक कडी वाकवून बघत, पुन्हा बुडवत. चन्नबसम्मा शेजारी बसून फडक्यानं पुसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघं असेच पहाटे दुकानाचे डबे धूत. तेव्हा सासूच्या धाकानं बोलता यायचं नाही. डब्यावर डबा आपटून एकमेकांना खुणा करायचे. तिनं हे बोलून दाखवलं नाही, पण फडकं झटकताना बांगडीनं घमेल्याच्या काठाला एकदा हळूच टण्‌कन वाजवलं. अप्पांनी मान वर केली नाही. काटकीनं एकदा टण्‌कन उत्तर मात्र दिलं.

चेन मोकळी झाली आणि महेश्वरीच्या हातात पाण्यासारखी लोंबू लागली. उन्हात तापलेल्या दगडावर ती वाळवली, मुंजाजीच्या डब्यातलं गिअर ऑइल कडीकडीला थेंबथेंब सोडलं, जास्तीचं पुसलं, आणि चेन चक्रीवर चढवून चिमटी दाबली. अंबाबाईनं मधल्या वेळात सगळ्यांना कोरा चहा दिला होता. "पुढच्या बारीला साप आणला तर सकाळी आणा, राख ताजी असती," ती म्हणाली.

पहिल्या खेपेला चन्नबसम्मा गेली. गाडीनं आचका दिला नाही, कटकट केली नाही. दुसरा ओढा पार करून चढण अशी चढली की चन्नबसम्माला मागं बसून हसूच आवरेना. नीलाक्का दारात काठी टेकवून उभी होती.

"दुपार टळायली, सवाष्ण कुठं गेली म्हणून जीव निम्मा झाला माझा! काय झालं गं?"

"काय न्हाई. चूल लागली व्हती वाटंत."

"आन् दाजी?"

"यायलेत."

महेश्वरी गाडी वळवून लगेच परत गेली. दोघी बहिणी दारातच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं चढणीवरून इंजिनाचा आवाज आला आणि त्याच्याही वर अप्पांचा आवाज: "हळू! अगं हळू! दगड हाय पुढं! डावीकडं घे!... आरं वा! आरं वा!" पहिले शब्द घाबरलेले होते, शेवटचे अजिबात नव्हते. गाडी वळणावरून वर आली तेव्हा अप्पांची दस्ती हवेत फडफडत होती आणि दोन्ही हात सुनेच्या खांद्यांवर घट्ट होते. मागून राजशेखर आणि मुंजाजी ट्रॅक्टरवरून आले.

"या दाजी," नीलाक्का म्हणाली. "आलात एकदाचे. कशावर आलात म्हणायचं?"

"ह्या गाडीवर आलो," वीरुपाक्षअप्पा उतरत म्हणाले. उतरताना त्यांचा पाय सीटवर अडकला, राजशेखरनं सोडवला. "स्कुटीच्या बापाला जमलं नसतं हे. तिथंच ओढ्यात बसलो असतो." मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता ऐका. गाडी घरातच राहील. पण आजपासून चेन माझ्याकडं. तुमी दोघी फिल्टर धुवा, तारा वाजवा, काय करायचं ते करा. चेनला तेल कोनतं, किती आन् कवा, ते मी बघणार."

"फवाऱ्याच्या डब्यातलं हाय ते, मामा," महेश्वरी म्हणाली. "चेनचंच असतं."

"आण. वास घेऊन सांगतो कशाचं हाय ते."

आणि ते तिथंच अंगणात, धुळीत, गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. मधोमध बोट लावून चेन वरखाली हलवून बघितली, जशी महेश्वरी दर रविवारी बघायची. म्हणजे दुकानाच्या ओट्यावरून ते इतके दिवस सगळं बघतच होते तर!

"दाजी, आधी पाय धुवा," नीलाक्का काठी आपटत म्हणाली. "आत महालक्ष्म्या ताटावर बसल्यात, पुरण थंड व्हायलंय आन् तुमी चाक कसलं चाचपायलात?"

"आलो," अप्पा म्हणाले, पण उठले नाहीत. "चन्नी, जरा चमचा आण गं आतून. ही एक तार बोंबलायलीय का बघ."

चन्नबसम्मानं बहिणीकडं पाहिलं, बहिणीनं तिच्याकडं, आणि दोघी पदर तोंडाला लावून आत वळल्या. पंगत बसली तेव्हा अप्पांच्या पानावर पहिली पोळी पडेपर्यंत त्यांचे हात दोनदा धुऊन झाले होते, तरी गिअर ऑइलचा वास काही गेला नव्हता. त्यांची त्याला हरकत दिसली नाही.